अस्तित्ववाद : एक प्राथमिक परिचय

'अस्तित्ववाद' हा शब्द मराठी वाचकापर्यंत बहुधा दोन वाटांनी पोहोचतो. महाविद्यालयात साहित्य किंवा तत्त्वज्ञान शिकणारी मुले तो अभ्यासक्रमातून घरी आणतात. मराठी समीक्षा वाचणाऱ्यांना तो भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीच्या चर्चेत भेटतो. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूने मुळापासून हादरलेला पांडुरंग सांगवीकर हा त्या कादंबरीचा नायक मराठीतील अस्तित्ववादी जाणिवेचे उदाहरण म्हणून नेहमी पुढे केला जातो. मात्र शब्दाबरोबर एक समजूतही घरात शिरते : अस्तित्ववाद म्हणजे नास्तिकपणा, निराशा आणि कॉफीच्या पेल्यावर चालणारी निष्फळ चर्चा. मुलाच्या टेबलावर काम्यूचे पुस्तक दिसले की श्रद्धावान आईवडिलांच्या मनात पाल चुकचुकते.

ही समजूत फार तर अर्धी खरी आहे. या विचाराचा उगम एका कळकळीच्या ख्रिस्ती लेखकापाशी आहे. त्याचा एक महत्त्वाचा प्रवाह श्रद्धेच्या काठाकाठाने वाहिला आहे, आणि ज्यांनी परमेश्वर नाकारला त्यांनीही ख्रिस्ती माणसांना असे काही विचारून ठेवले आहे की ज्याचे उत्तर टाळणे आपल्याला शोभणारे नाही.

प्रश्नाची दिशा

एखाद्या गुरूने स्थापन केलेली, सूत्रे बांधून दिलेली अशी ही दर्शनपरंपरा नव्हे. ज्यांची नावे या सदरात घेतली जातात त्यांतील अनेकांनी हे बिरूद नाकारले. किर्केगार्डच्या काळात हे नावच रूढ नव्हते. हायडेगर आणि काम्यू यांनी ते झिडकारले. गाब्रिएल मार्सेलने काही काळ चालवून घेतले आणि पुढे टाकून दिले. ते उघडपणे मिरवले सार्त्रने, आणि त्यामुळेच सार्त्र म्हणजे अस्तित्ववाद असे समीकरण जगभर रूढ झाले.

या सर्वांना एकत्र आणते ती प्रश्नाची दिशा. 'माणूस म्हणजे काय?' असे पारंपरिक तत्त्वज्ञान विचारते आणि माणूस हा विवेकशील प्राणी आहे, तो देह व आत्मा यांचे ऐक्य आहे, असे उत्तर देते. ते उत्तर चुकीचे नाही. परंतु ते सर्व माणसांविषयी आहे, कोणा एकाविषयी नाही. 'सर्व माणसे मर्त्य आहेत' हे विधान तर्कशास्त्राच्या वर्गात आपण निर्विकारपणे म्हणतो. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्ती लावून उभे असताना, शेजारची मोकळी जागा पाहून 'मीही मरणार आहे' हे एकाएकी उमगते, तेव्हा मनात जे होते ते त्या विधानात कुठेच नसते. अस्तित्ववादी विचारवंतांना रस आहे तो या दुसऱ्या क्षणात. मला एकच आयुष्य आहे, ते दुसरा कोणी माझ्या वतीने जगू शकत नाही, मला निवड करावीच लागते आणि निवड न करणे हीसुद्धा एक निवडच ठरते, ही त्यांची सुरुवातीची भूमी आहे.

ही भूमी तशी नवी नाही. जुन्या करारातील उपदेशकाचा ग्रंथ व योबाचा ग्रंथ, संत ऑगस्टिनची 'कबुली', सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पास्कालची टिपणे यांत ती पूर्वीच नांगरलेली दिसते. आधुनिक काळात तिच्यावर पहिले पीक काढले ते डेन्मार्कमध्ये.

जन्माने ख्रिस्ती असणे म्हणजे काय?

सोरेन किर्केगार्ड यांचा जन्म ५ मे १८१३ रोजी कोपनहेगन येथे झाला. वडील श्रीमंत व्यापारी होते, पण लहानपणी जटलंडच्या माळावर मेंढ्या राखताना, थंडी आणि उपासमार असह्य होऊन त्यांनी परमेश्वराला शाप दिला होता. ती आठवण त्यांना म्हातारपणापर्यंत सोडीना. सात मुलांपैकी पाच त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, तेव्हा हा आपल्याच पापाचा दंड आहे असे त्यांनी मनाशी धरले. त्या सावलीत सोरेन वाढला. १८४० साली त्याचा रेगिने ओल्सेन या तरुणीशी वाङ्‌निश्चय झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने तो स्वतःहून मोडला. त्यानंतरच्या अवघ्या काही वर्षांत, अनेकदा टोपणनावांनी, त्याने ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले : 'एक तर हे किंवा ते' आणि 'भय आणि कंप' (दोन्ही १८४३), 'व्याकुळतेची संकल्पना' (१८४४), 'मरणान्तिक आजार' (१८४९). वयाच्या ४२ व्या वर्षी, ११ नोव्हेंबर १८५५ रोजी तो वारला.

त्याचे भांडण दोघांशी होते. पहिला प्रतिपक्ष जर्मन तत्त्ववेत्ता हेगेल. हेगेलने अवघा इतिहास आणि विश्व एका भव्य विचारव्यूहात बसवले होते. किर्केगार्डचे म्हणणे असे की एवढा मोठा राजवाडा बांधणारा माणूस स्वतः मात्र शेजारच्या झोपडीत राहतो, कारण त्या व्यूहात राहणाऱ्या माणसासाठी जागाच ठेवलेली नाही.

दुसरा प्रतिपक्ष आपल्या अधिक जवळचा आहे. डेन्मार्कमध्ये ल्युथरन पंथ हा राज्याचा धर्म होता. मूल जन्मले की त्याचा बाप्तिस्मा होई, नाव नोंदवहीत जाई आणि विषय तेथेच संपे. जिथे सगळेच ख्रिस्ती आहेत तिथे ख्रिस्ती होणे सर्वांत कठीण, असे त्याचे निदान होते, कारण आपण ते आधीच झालो आहोत असे प्रत्येकाला वाटत असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात क्रूस आहे आणि ज्यांची आडनावेच धर्माची साक्ष देतात, त्यांनी हे निदान परक्या देशाचे म्हणून बाजूला सारू नये. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्याने राजधर्माविरुद्ध पत्रके काढली आणि मृत्युशय्येवर, राजाचा नोकर असलेल्या पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घेण्यास नकार दिला.

'भय आणि कंप' या ग्रंथात त्याने अब्राहामाची कथा घेतली आहे. मोरिया पर्वतावर इसहाकाचे बलिदान करण्यासाठी निघालेला अब्राहाम आपल्याला प्रवचनांतून इतका परिचयाचा आहे की त्या तीन दिवसांच्या प्रवासात त्या बापाच्या मनात काय चालले असेल हे आपण विचारीतच नाही. शेवट माहीत असल्यामुळे कथा सोपी वाटते. अब्राहामाला शेवट माहीत नव्हता. कोणताही नियम, कोणताही सल्लागार त्याच्या पाठीशी नव्हता आणि त्याला आपले वागणे साराला समजावून सांगता येण्यासारखे नव्हते. श्रद्धा म्हणजे काही विधानांना मान डोलावणे नव्हे. संपूर्ण आयुष्य पणाला लावून, अंधारात परमेश्वराच्या भरवशावर पाऊल टाकणे ती श्रद्धा, असे किर्केगार्ड दाखवतो. व्याकुळतेविषयीही त्याचे विवेचन असेच मार्मिक आहे. भीतीला कारण असते : साप, आजार, पूर. व्याकुळतेला बाहेरचे कारण नसते. कड्याच्या टोकावर उभ्या माणसाला पडण्याची भीती वाटते, आणि त्याच वेळी 'मी उडीही मारू शकतो' या स्वतःच्याच स्वातंत्र्याने गरगरायला होते. ती गरगर म्हणजे व्याकुळता.

त्याच्या विचारात एक उणीव आहे आणि कॅथलिक वाचकाला ती लगेच जाणवते. त्याची श्रद्धा फार एकाकी आहे. परमेश्वरासमोर एकटा उभा असलेला माणूस त्याला दिसतो, परंतु एकाच भाकरीत सहभागी होणारी मंडळी, पिढ्यांना जोडणारी ख्रिस्तसभा त्याला क्वचितच दिसते. तरी विद्यमान व्यवस्थेवर रागावलेल्या माणसाकडून समतोलाची अपेक्षा करणेही फारसे न्याय्य नाही.

एकाच गुरूचे दोन साहाय्यक

विसाव्या शतकात हा विचार जर्मनीत पुन्हा उचलला गेला. तेथील फ्रायबुर्ग विद्यापीठात एडमुंड हुसेर्ल यांच्या हाताखाली, वेगवेगळ्या वेळी, दोन असामान्य बुद्धीच्या व्यक्ती साहाय्यक होत्या. एक मार्टिन हायडेगर : कॅथलिक चर्चच्या सेवकाचा मुलगा, तरुणपणी ईशज्ञानाचा विद्यार्थी, पुढे 'असणे आणि काळ' (१९२७) या ग्रंथाचा कर्ता. माणूस हा मृत्यूकडे तोंड करून जगणारा जीव आहे, पण 'लोक असे करतात, लोक असे म्हणतात' यात दडून तो ते सत्य विसरतो, हे त्याचे प्रतिपादन पुढच्या सर्वांवर प्रभाव टाकून गेले. दुसरी व्यक्ती एडिथ स्टाइन : ज्यू घराण्यात जन्मलेली, १९२२ मध्ये कॅथलिक झालेली.

१९३३ साली हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि नाझी पक्षाचा सभासद झाला. त्याच वर्षी एडिथ स्टाइन यांना ज्यू वंशामुळे अध्यापन सोडावे लागले आणि त्यांनी कोलोन येथील कार्मेल मठात प्रवेश केला. मठात लिहिलेल्या 'सान्त आणि अनंत अस्तित्व' या ग्रंथाच्या परिशिष्टात त्यांनी हायडेगरच्या विचाराची चिकित्सा केली आहे. माणसाला आपल्या अस्तित्वाची नाजूकता जाणवते हे त्यांना मान्य आहे. परंतु व्याकुळता हीच माणसाची मूळ अवस्था आहे हे मात्र त्यांना मान्य नाही. आपण क्षणोक्षणी नाहीसे होऊ शकतो, तरीही क्षणोक्षणी कोणीतरी आपल्याला सावरून धरले आहे, आणि आईबापाच्या हातात असलेल्या मुलासारखा निर्धास्तपणा हाही तितकाच खरा अनुभव आहे, असे त्या म्हणतात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी आउशवित्सच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली. १९९८ साली त्यांना संतपद देण्यात आले. असुरक्षिततेविषयी पुस्तकी ज्ञानावर बोलणाऱ्या त्या नव्हत्या, हे त्यांचे वाचन करताना ध्यानात ठेवावे.

सार्त्र : स्वातंत्र्याचे ओझे

'कॉफीच्या पेल्यावरची चर्चा' अशी जी कुचेष्टा होते तिचे मूळ पॅरिसमध्ये आहे. परंतु त्या पॅरिसवर जर्मन सैन्याचा ताबा होता, शेजारी शेजाऱ्याची खबर देत होता आणि गप्प बसावे की जीव धोक्यात घालावा हा प्रश्न जिन्यावर, दुकानात, रोज समोर येत होता. त्या काळी निवडीविषयी लिहिणे हा रिकामपणाचा उद्योग नव्हता.

झां-पॉल सार्त्र (१९०५-१९८०) याने आपली भूमिका २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधील एका व्याख्यानात सोप्या भाषेत मांडली. कागद कापण्याची सुरी तयार करण्यापूर्वी ती कशासाठी हवी हे कारागिराच्या मनात ठरलेले असते. म्हणजे वस्तूचे सत्त्व आधी आणि तिचे अस्तित्व नंतर. माणसाच्या बाबतीत असा कारागीर नाही असे सार्त्र मानतो. म्हणून माणूस आधी केवळ असतो आणि मग आपल्या कृतींनी स्वतःला घडवतो. त्याला कोणतीही सबब नाही. 'माझा स्वभावच असा', 'परिस्थितीने भाग पाडले' या बोलण्याला तो आत्मवंचना म्हणतो.

याच व्याख्यानात त्याने युद्धकाळातील एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. मोठा भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला. आईला आधार फक्त या मुलाचा. त्याने इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हावे की आईजवळ राहावे? सार्त्रचे उत्तर एवढेच होते की तू स्वतंत्र आहेस, निवड. धर्मगुरूचा सल्ला घ्यावा तर कोणत्या धर्मगुरूकडे जायचे हे ठरवतानाच काय ऐकायचे आहे ते आपण ठरवलेले असते, अशी पुस्तीही त्याने जोडली. ही टीका बोचरी आहे आणि आपल्यापैकी कित्येकांना ती लागू पडेल. मात्र सार्त्र समजतो तितका ख्रिस्ती मार्ग पळवाटेचा नाही. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधने'त निवड हाच गाभा आहे. साधकाने आपल्या आसक्ती ओळखाव्यात आणि मग स्वतः निर्णय घ्यावा, मार्गदर्शकाने त्याला ढकलू नये, अशी तेथील शिस्त आहे.

सार्त्रच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९४० मध्ये तो जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला आणि ट्रियर येथील छावणीत त्याची काही धर्मगुरूंशी मैत्री जमली. त्या वर्षीच्या नाताळात कैद्यांसाठी त्याने 'बारिओना' हे येशूजन्मावरचे नाटक लिहिले आणि पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांपैकी एकाची भूमिका स्वतः केली. यावरून तो मनातून श्रद्धावान होता असा निष्कर्ष काही जण उत्साहाने काढतात. तो खरा नाही, आणि सार्त्रने स्वतः तसे कधी मानले नाही. पण गोठ्यातील बालकाकडे पाहणाऱ्या मातेचे मन ज्याला इतके नेमके रंगवता आले, त्याच्या नकाराला उथळ म्हणता येत नाही.

काम्यू आणि फादर पॅनेलू

आल्बेर काम्यू (१९१३-१९६०) अल्जेरियात, गरिबीत वाढला. १९३६ साली त्याने विद्यापीठात सादर केलेला प्रबंध प्राचीन ख्रिस्ती विचार आणि नवप्लेटोवाद यांवर होता. संत ऑगस्टिन त्याच्या अभ्यासातला. माणूस अर्थ मागतो आणि विश्व मौन राहते, या दोहोंमधील विसंगती हा त्याच्या 'सिसिफसची मिथककथा' (१९४२) या ग्रंथाचा विषय आहे. परंतु धर्मग्रामातील वाचकाने त्याची 'प्लेग' (१९४७) ही कादंबरी आधी हाती घ्यावी. २०२० च्या महासाथीत ती जगभर पुन्हा वाचली गेली.

ओरान शहरात प्लेग पसरतो. साथीच्या सुरुवातीला येशूसंघीय धर्मगुरू पॅनेलू भरलेल्या चर्चमध्ये प्रवचन करतात : हे संकट तुमच्यावर ओढवले आहे आणि तुम्ही त्याला पात्र आहात. पुढे ते स्वतः स्वयंसेवकांच्या पथकात दाखल होतात आणि एके रात्री न्यायाधीशाच्या लहान मुलाला तडफडत मरताना पाहतात. डॉक्टर रियू त्यांच्यावर उसळतो की हा तरी निरपराध होता! जे समजत नाही त्यावरही कदाचित प्रेम करावे लागते, असे पॅनेलू सुचवतात. मुलांचा छळ होणाऱ्या सृष्टीवर प्रेम करायला मी मरेपर्यंत तयार होणार नाही, असा डॉक्टरचा जबाब असतो. त्यानंतरच्या दुसऱ्या प्रवचनात पॅनेलू 'तुम्ही' म्हणत नाहीत, 'आपण' म्हणतात.

एका सर्वनामाच्या बदलात काम्यूने बरेच काही सांगितले आहे. निष्पाप मुलाच्या शवपेटीसमोर 'देवाची इच्छा' हे शब्द आपल्याकडेही किती सहज उच्चारले जातात! योबाच्या मित्रांनी हेच केले होते, आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर त्या मित्रांवर कोपतो, तक्रार करणाऱ्या योबावर नाही. काम्यूला उत्तर द्यायचे तर ते युक्तिवादाने देता येणार नाही. क्रूसावरून पित्याला आर्त हाक मारणारा पुत्र दुःखाचे स्पष्टीकरण देत नाही, तो त्या दुःखात उतरतो, एवढेच ख्रिस्ती माणूस सांगू शकतो. काम्यूला ते पुरेसे वाटले नाही. त्याच्या प्रामाणिकपणाचा मान राखूनच हा मतभेद नोंदवला पाहिजे.

गाब्रिएल मार्सेल : समस्या आणि रहस्य

कॅथलिक अस्तित्ववादी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो गाब्रिएल मार्सेल (१८८९-१९७३) आपल्याकडे फारसा वाचला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. चार वर्षांचा होण्याआधीच त्याची आई वारली, आणि नाहीशी झालेली ती व्यक्ती आयुष्यभर त्याच्या सोबत राहिली. घरात धर्माचे वातावरण नव्हते. पहिल्या महायुद्धात तो रेडक्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करीत असे. समोर नाव, तुकडी, तारीख यांची कार्डे, आणि टेबलापलीकडे कोणाची तरी आई. कार्डावरची माहिती आणि त्या आईच्या मनातला मुलगा यांच्यातले अंतर त्याला तेथे कळले. पुढे लेखक फ्रांस्वा मोरियाक याने पत्रातून त्याला 'तुम्ही आमच्यात का नाही?' अशा अर्थाचा प्रश्न केला आणि मार्च १९२९ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मार्सेलने बाप्तिस्मा घेतला.

समस्या आणि रहस्य यांतील त्याने केलेला भेद फार उपयोगी आहे. समस्या माझ्यासमोर असते. मी तिच्या बाहेर उभा राहून ती सोडवू शकतो, आणि मला जमली नाही तर दुसरा कोणी सोडवील. रहस्यात मी स्वतःच गुंतलेला असतो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा आजार ही डॉक्टरांपुढील समस्या आहे. पंचवीस वर्षे संसार केलेल्या त्याच्या पत्नीसाठी मात्र 'आता आमचे काय?' हा प्रश्न कोणत्याही औषधाने सुटणारा नाही, कारण त्या प्रश्नात ती स्वतःच आहे. प्रेम, निष्ठा, मृत्यू, परमेश्वर ही रहस्ये आहेत. त्यांना समस्या समजून निकालात काढू पाहणारे जग मार्सेलला मोडलेल्या घड्याळासारखे वाटे.

'उपलब्ध असणे' ही त्याची दुसरी कल्पना. काही माणसे आपले बोलणे ऐकतात, मानही हलवतात, पण तेथे नसतात. काही माणसे नुसती शेजारी बसली तरी आपण एकटे नाही हे कळते. सार्त्रच्या 'बंद दार' (१९४४) या नाटकात दुसऱ्याची नजर मला वस्तू बनवते आणि इतरांचे सान्निध्य हाच नरक होतो. मार्सेलच्या मते हे नाते बिघडल्याचे वर्णन आहे, मूळ नात्याचे नव्हे. दुसरा माणूस 'तो' न राहता 'तू' होतो तेव्हाच मीही खऱ्या अर्थाने 'मी' होतो. आणि ज्याच्यावर आपण प्रेम करतो तो कायमचा नष्ट होणार नाही ही खात्री त्या प्रेमातच दडलेली असते. ख्रिस्ती आशेचे मूळ तो तेथे शोधतो.

ख्रिस्तसभेची भूमिका

ख्रिस्तसभेने या विचाराकडे आरंभी संशयाने पाहिले. १९४८ साली सार्त्रचे सर्व लेखन निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले. पोप बारावे पायस यांनी ऑगस्ट १९५० मधील 'हुमानी जेनेरिस' या विश्वपत्रात अस्तित्ववादाचा नाव घेऊन उल्लेख केला. केवळ व्यक्तीच्या अस्तित्वाकडे पाहून वस्तूंच्या न बदलणाऱ्या सत्त्वाकडे दुर्लक्ष केले जाते, हा त्यांचा आक्षेप होता. या आक्षेपात तथ्य आहे. मानवी स्वभाव असे काही नसेलच, तर छळछावणी उभारणाऱ्याची निवड आणि तिच्यात दुसऱ्यासाठी मरणाऱ्याची निवड यांत चूक-बरोबर कशाच्या आधारे ठरवायचे? सार्त्रला याचे समाधानकारक उत्तर कधीच देता आले नाही. मार्सेलने 'ख्रिस्ती अस्तित्ववादी' हे बिरूद टाकले ते या विश्वपत्रानंतर.

पुढे सूर बदलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजाने (१९६५) दुःख, मृत्यू आणि जीवनाचा अर्थ या प्रश्नांना आपल्या प्रास्ताविकातच स्थान दिले. निषिद्ध ग्रंथांची यादी १९६६ साली रद्दबातल ठरली. स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक राहिलेले पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'श्रद्धा आणि विवेक' या १९९८ च्या विश्वपत्रात पास्काल व किर्केगार्ड यांचा आदराने उल्लेख केला आहे आणि एडिथ स्टाइन यांना श्रद्धा व विचार यांचा मेळ घालणाऱ्यांच्या पंक्तीत बसवले आहे.

ज्यांना स्वतः वाचून पाहायचे आहे त्यांनी 'प्लेग'पासून सुरुवात करावी आणि दोन प्रवचने एकापाठोपाठ पुन्हा वाचावीत. त्यानंतर सार्त्रचे १९४५ चे व्याख्यान घ्यावे. ते छोटे आहे आणि एका बैठकीत संपते. 'भय आणि कंप' वाचण्यापूर्वी उत्पत्तीच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय सावकाश वाचून घ्यावा. मार्सेलचे ग्रंथ रोजनिशीसारखे विस्कळीत आहेत, म्हणून ते शेवटी. त्याने नाटकेही पुष्कळ लिहिली आहेत, आणि आपले विचार ग्रंथांपेक्षा त्या नाटकांत अधिक स्पष्ट आहेत असे तो स्वतः मानत असे.